परसातून नेपच्यून

नेपच्यून पाहायला मोठी दुर्बीण लागते, हा समज या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मोडीत काढायला हवा. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही, हे खरं. पण प्रतियुतीच्या दिवसांत, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला असतो तेव्हा, त्याची प्रत ७.७ ते ७.८ च्या आसपास असते (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका ठिपका मंद). गावाकडच्या काळोख्या आकाशात चांगली नजर सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापर्यंत पोहोचते. ६० मिलिमीटर भिंगाची, मुलांना वाढदिवसाला भेट मिळते तसली दुर्बीण दहाव्या प्रतीच्याही पुढे जाते. म्हणजे सूर्यमालेतला शेवटचा ग्रह तिच्या आवाक्यात आहे, आणि आवाक्याच्या काठावर नव्हे, चांगला आत आहे. तिपाईवर घट्ट बसवलेल्या १० बाय ५० च्या द्विनेत्रीतूनही तो दिसतो. प्रश्न उजेडाचा नाहीच.

अडतं ते ओळखण्यात. संपूर्ण खगोलाचं क्षेत्र ४१,२५३ चौरस अंश भरतं आणि आठव्या प्रतीपर्यंतचे तारे आहेत साधारण ४० हजार. सरासरी काढली तर चौरस अंशाला एक. छोट्या दुर्बिणीला कमी वर्धनाची नेत्रिका लावली की एका वेळी जेमतेम दोन अंश रुंदीचं आकाश दिसतं. तेवढ्यात नेपच्यूनच्या तोडीचे दोन-तीन तारे असतात आणि त्याहून मंद असे कितीतरी. सगळे नुसते ठिपके. त्यातला एक ठिपका तारा नसून ४३० कोटी किलोमीटरवरचा, पृथ्वीच्या जवळजवळ चौपट रुंदीचा ग्रह आहे, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. तिथून निघालेला उजेड चार तासांनी आपल्या डोळ्यात शिरतो आणि आपण तो शेजारच्या एखाद्या निनावी ताऱ्याच्या खात्यावर जमा करून पुढे जातो. ही पुस्तिका लिहिली आहे ती या एका अडचणीसाठी.

ही अडचण नवशिक्यांपुरती नाही, आणि म्हणूनच नेपच्यूनचा इतिहास मला निरीक्षकाच्या शिक्षणाचा भाग वाटतो. डिसेंबर १६१२ मध्ये गॅलिलिओ गुरूच्या चंद्रांचा पाठपुरावा करत होता. गुरू मधोमध, चंद्र दोन्ही बाजूंना, अशी रात्रीमागून रात्र टिपणं. २८ डिसेंबरच्या टिपणात चंद्रांखेरीज आणखी एक तारा आहे. तो नेपच्यून होता. तो नेमका त्या दिवसांत स्तंभी होऊन वक्री व्हायच्या बेतात होता, त्यामुळे त्याची हालचाल जवळजवळ थांबलेली होती. जानेवारी १६१३ च्या अखेरीस तो त्याच वहीत पुन्हा येतो. या वेळी गॅलिलिओनं शेजारच्या ताऱ्याबरोबर त्याची जोडी काढली आणि लिहून ठेवलं की आदल्या रात्री या दोघांत अंतर जास्त वाटलं होतं. तारे एकमेकांपासून असे सरकत नाहीत. एका रात्रीत सरकलेला ठिपका त्याच्या कागदावर उतरला होता. पण त्याचं लक्ष गुरूवर होतं, गुरू सरकत गेला आणि दुर्बीण गुरूमागे गेली. चार्ल्स कोवाल आणि स्टिलमन ड्रेक यांनी १९८० मध्ये ती टिपणं उलगडून दाखवली, तेव्हा कळलं की नेपच्यून त्याच्या शोधाच्या २३३ वर्षं आधी माणसाच्या नजरेत आला होता.

पॅरिसला लालांद यांच्या वेधशाळेत १७९५ च्या मे महिन्यात ताऱ्यांची यादी बनत होती. ८ मे रोजी एका ताऱ्याची जागा मोजली गेली, १० मे रोजी पुन्हा, आणि दोन मोजमापं जुळेनात. त्यांनी काय केलं? पहिलं मोजमाप टाकून दिलं आणि दुसऱ्यापुढे शंकेची खूण केली. मोजमापं दोन्ही बरोबर होती, मधल्या दोन दिवसांत ग्रहच हलला होता. त्या काळच्या कामाचा वेग आणि ताऱ्यांची संख्या लक्षात घेतली तर यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. पण दोन रात्रींच्या नोंदी जुळल्या नाहीत तर आधी आपल्या हाताला नव्हे, आकाशाला विचारावं, ही सवय मला त्या जुन्या नोंदीनं लावली.

पुढची हकिगत बहुतेकांना ठाऊक असते, निदान तिची रूपरेषा तरी. युरेनस, म्हणजे आपल्या पंचांगातला हर्षल, गणिताप्रमाणे चालेना. अलेक्सी बुव्हार यांनी १८२१ मध्ये त्याची कोष्टकं प्रसिद्ध केली आणि काही वर्षांतच ग्रह कोष्टकांना सोडून वागू लागला. पलीकडचा कुणीतरी त्याला ओढतो आहे, असं मानून इंग्लंडात जॉन कूच ॲडम्स आणि फ्रान्समध्ये उर्बें ल व्हेरिये यांनी स्वतंत्रपणे त्या अज्ञात ग्रहाची जागा काढली. ती मिळवण्याचं श्रेय कुणाचं किती, यावरचा इंग्रज-फ्रेंच वाद पुष्कळ लिहिला गेला आहे, त्यात इथे शिरत नाही. छोट्या दुर्बिणीच्या माणसाला उपयोगी असलेला भाग वेगळाच आहे.

केंब्रिजला जेम्स चॅलिस यांच्याकडे जवळजवळ बारा इंच भिंगाची मोठी दुर्बीण होती. १८४६ च्या उन्हाळ्यात त्यांनी शोध सुरू केला. आकाशाचा पट्टा ओळीनं झाडून काढायचा, दिसेल तो तारा मोजून लिहायचा, काही दिवसांनी तोच पट्टा पुन्हा मोजायचा आणि दोन याद्या ताडून पाहायच्या, अशी पद्धत. पद्धत निर्दोष होती. ऑगस्टमध्ये दोनदा नेपच्यून त्यांच्या यादीत उतरलासुद्धा. पण याद्या ताडून पाहायचं काम मागे पडलं. बर्लिनची बातमी आल्यावर त्यांनी कागद काढले, तेव्हा ग्रह आपल्याच हस्ताक्षरात लिहिलेला सापडला.

बर्लिनला काय वेगळं झालं? ल व्हेरियेंचं पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी योहान गाले यांच्या हाती पडलं. त्याच रात्री त्यांनी वेधशाळेतली फ्राउनहोफरनं घडवलेली नऊ इंची दुर्बीण त्या दिशेला लावली. ग्रहाची तबकडी दिसते का, म्हणून पाहिलं. तशी काही दिसेना. तेव्हा सोबतच्या हाइनरिश दारेस्ट या तरुण विद्यार्थ्यानं सुचवलं की नवा तारकानकाशा घेऊन बसू. कार्ल ब्रेमिकर यांनी बर्लिन अकादमीसाठी तयार केलेला आकाशाच्या त्याच भागाचा नकाशा नुकताच छापून झाला होता आणि अजून बाहेर वाटला गेला नव्हता. चॅलिस यांच्याकडे तो नव्हता. मग गाले नेत्रिकेला डोळा लावून एकेका ताऱ्याची जागा आणि प्रत मोठ्यानं सांगू लागले आणि दारेस्ट मेजावरच्या नकाशात तो तारा आहे का ते बघू लागला. आहे, आहे, हाही आहे. असं करता करता आठव्या प्रतीचा एक तारा आला आणि नकाशात त्या जागी काहीच नव्हतं. भाकिताच्या जागेपासून एक अंशही दूर नाही. दुसऱ्या रात्री दोघांनी पुन्हा पाहिलं, तो सरकला होता.

इथे एक तपशील नजरेआड होऊ नये. ल व्हेरियेंच्या गणितात ग्रहाची दिशा बरोबर आली, पण अंतर चुकलं होतं. त्यांनी तो सूर्यापासून पृथ्वीच्या ३६ पट दूर धरला होता, प्रत्यक्षात तो ३० पट दूर आहे. म्हणजे त्या रात्रीचं यश गणित आणि नकाशा दोघांचं होतं, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा दुर्बिणीशी जाऊन उभं राहण्याचंही. दारेस्टचं नाव तेव्हाच्या वृत्तांतात आलं नाही. त्याचा वाटा काय होता हे पुढे बऱ्याच वर्षांनी खुद्द गालेंनी सांगितलं. परसात दुर्बीण लावणाऱ्यानं आदर्श म्हणून कुणाचं नाव घ्यायचं तर मी दारेस्टचं घेईन. दुर्बिणीला डोळा लावणारा तो नव्हता, नकाशावर बोट ठेवून बसलेला तो होता.

या जागी एका आपल्या माणसाची आठवण व्हायलाच हवी. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे पेशानं शिक्षक. बागलकोटला राहून त्यांनी पंचांगगणित आधुनिक पायावर आणायचं प्रचंड काम केलं, ‘ज्योतिर्गणित’ हा त्यांचा ग्रंथ अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोलशास्त्रीय सभेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं मांडलं आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली. गुरूच्या आतल्या तीन मोठ्या चंद्रांच्या भ्रमणकाळांत जसा ठरावीक मेळ आहे तसाच बाहेरच्या ग्रहांतही असेल, हा त्यांचा आधार. ब्रह्माचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर त्यांनी ३८.९५ खगोलीय एकक काढलं आणि फेरा सुमारे २४२ वर्षांचा. १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचं सरासरी अंतर साडेएकोणचाळीस एकक आणि फेरा २४८ वर्षांचा निघाला. केतकर त्याच वर्षी वारले. त्यांनी धरलेला मेळ जसाच्या तसा टिकलेला नाही आणि आकडे जवळ आले म्हणून प्लूटोचं भाकीत झालं असं म्हणता येणार नाही. तरी बागलकोटच्या एका शिक्षकानं आपल्या टेबलावर बसून सूर्यमालेच्या त्या टोकाचा विचार केला आणि तो फ्रान्सला धाडला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आणि टॉम्बॉही कुठल्या मोठ्या घरातला नव्हता. कॅन्ससमधल्या शेतावर, स्वतः घडवलेल्या नऊ इंची दुर्बिणीतून काढलेली मंगळ-गुरूची चित्रं त्यानं लॉवेल वेधशाळेला पाठवली, त्यावर त्याला तिथे काम मिळालं. प्लूटो त्याला मिळाला तोही २३ आणि २९ जानेवारी १९३० या दोन रात्रींच्या छायाचित्रांत एक ठिपका सरकलेला पाहूनच.

ओळखण्याची दुसरी वाट विल्यम हर्शेल यांची. १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधल्या बाथ गावी, घराच्या मागच्या बागेत, स्वतः घासलेल्या सहा इंचांच्या आरशाच्या दुर्बिणीतून ते तारे तपासत होते. परसातल्या दुर्बिणीनं पहिला ग्रह सापडला तो त्या रात्री, युरेनस. एक तारा त्यांना जरा जाड दिसला. त्यांनी नेत्रिका बदलली. २२७ पट वर्धन होतं ते ४६० केलं, मग ९३२. तारा कितीही वर्धन वाढवलं तरी त्या प्रमाणात मोठा होत नाही. हा वाढत गेला. चार दिवसांनी पाहिलं तर तो हललाही होता. आधी त्यांना तो धूमकेतू वाटला, पण तारा नाही हे त्यांना पहिल्याच रात्री कळलं होतं. त्यांच्याआधी हाच युरेनस कितीतरी जणांनी तारा म्हणून नोंदवला होता. जॉन फ्लॅमस्टीड यांनी तर डिसेंबर १६९० मध्ये त्याला ‘३४ वृषभ’ असा क्रमांकही देऊन टाकला. युरेनसचा फेरा ८४ वर्षांचा. तेव्हापासून चार फेरे पुरे करून तो २०२६ च्या अखेरीस जवळजवळ त्याच जागी येतो आहे, कृत्तिकांपासून थोडं रोहिणीच्या बाजूला. ५.६ प्रतीचा असल्यानं तो द्विनेत्रीत सहज मिळतो. या पुस्तिकेत त्याचा नकाशा आधी ठेवला आहे तो सरावासाठी.

हर्शेलची वाट नेपच्यूनला लावता येते का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. येते, पण दुर्बीण बेताची असेल तर भरवसा ठेवू नका. नेपच्यूनच्या तबकडीचा आकाशातला व्यास २.३ विकला. दहा रुपयांचं नाणं जवळजवळ अडीच किलोमीटरवर धरलं तर एवढं दिसेल. ६० मिलिमीटरच्या भिंगातून कुठल्याही ताऱ्याची प्रतिमाच प्रकाशाच्या स्वभावामुळे याच्या दुप्पट रुंदीची होते, म्हणजे तिथे तारा आणि ग्रह यांत काडीचा फरक उरत नाही. १०० मिलिमीटरला बरोबरी होऊ लागते. १५० मिलिमीटरचा आरसा, दोनशेच्या वर वर्धन आणि हवा अगदी स्थिर, असं तिन्ही जुळलं तर ताऱ्यांशेजारी एक ठिपका बोथट, किंचित सुजलेला दिसतो. तारा लुकलुकतो तेव्हा तो जरा शांत असतो. हे पाहायला मिळालं तर जरूर पाहा. पण ६० किंवा ७० मिलिमीटरची दुर्बीण असेल तर तबकडीची वाट पाहू नका, तुमचा पुरावा म्हणजे सरकणं.

रंगाचंही थोडं सांगून टाकतो. व्हॉयेजर-२ यान २५ ऑगस्ट १९८९ रोजी नेपच्यूनजवळून गेलं. त्या वेळची गडद निळी चित्रं पाठ्यपुस्तकांत रुजली आणि लोक नेत्रिकेत तसा नीलमणी शोधू लागले. त्या चित्रांत ढगांचे बारकावे दिसावेत म्हणून रंग गडद केला होता. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी मूळ रंग पुन्हा काढून दाखवला, तो युरेनसच्या फिकट हिरव्या-निळ्या छटेच्या बराच जवळ आहे. छोट्या दुर्बिणीत दिसते ती राखाडीवर निळसर झाक, तीही कुणाला जाणवते, कुणाला नाही. शेजारी एखादा पिवळट तारा असेल तर लवकर जाणवते.

आता आपल्या आकाशाकडे. नेपच्यून सध्या मीन तारकासमूहात आहे, वसंत संपात बिंदूच्या अगदी लगत. सूर्याभोवतीचा त्याचा फेरा १६५ वर्षांचा. शोध लागला त्या जागी तो २०११ मध्ये पहिल्यांदा परत आला आणि तिथून दर वर्षी सव्वादोन अंश पुढे सरकतो आहे. प्रतियुती दर वर्षी साधारण दोन दिवस उशिरा होत जाते, २०२६ मध्ये ती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येते. महाराष्ट्रात त्या दिवसांत ढगांचा भरवसा नसतो आणि २०२६ मध्ये तर नेमकी भाद्रपदाची पौर्णिमा त्याच सुमारास असल्यानं चंद्र त्याच्या शेजारीच असेल. पण प्रतियुतीचा दिवस गाठायलाच हवा असं नाही. पुढचे तीन महिने नेपच्यूनच्या उजेडात फारसा फरक पडत नाही. ऑक्टोबरात पाऊस हवेतली धूळ धुऊन गेलेला असतो, थंडीतलं धुकं आणि धूर अजून सुरू व्हायचा असतो. कृष्ण पक्षातल्या दशमीपासून शुक्ल पक्षातल्या पंचमीपर्यंतच्या रात्री धरा. दिवाळीची अमावास्या काळोखाच्या दृष्टीनं उत्तम असते, पण फटाक्यांच्या धुरामुळे गावाबाहेर जावं लागेल.

सुरुवात भाद्रपदा चौकोनापासून. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास तो डोक्यावर असतो आणि मुंबई-पुण्याच्या गच्चीवरूनही त्याचे चारही तारे दिसतात. त्याची पूर्वेकडची बाजू म्हणजे उत्तरा भाद्रपदाचे दोन तारे. वरच्या ताऱ्यावरून खालच्या ताऱ्याकडे यायचं आणि तेवढंच अंतर त्याच रेषेत दक्षिणेकडे पुढे जायचं. २०२६ आणि २०२७ च्या हंगामात नेपच्यून या टोकापासून तीन-चार अंशांच्या आत असेल. महाराष्ट्रातून ही जागा दक्षिण क्षितिजापासून ७० अंश वर येते, त्यामुळे इमारती आणि झाडं आड येत नाहीत. मान मात्र अवघडते. खुर्ची जवळ ठेवा. पडवीचा दिवा बंद करायला घरच्यांना सांगून ठेवा. डोळे काळोखाला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उघडला की ती पुन्हा मोजावी लागतात, म्हणून नकाशा कागदावरचा वापरा आणि विजेरीला लाल जिलेटिनचा कागद लावा.

या रेषेच्या टोकाशी उजळ तारा एकही नाही, इथेच बहुतेक जण दमतात. तिथून नैर्ऋत्येला थोडं उतरलं की २७, २९, ३० आणि ३३ मीन या चार ताऱ्यांची एक छोटी चौकट आहे. प्रत साडेचार ते पाच. गावात ती डोळ्यांनी दिसते, शहरात द्विनेत्री किंवा शोधक दुर्बीण हवी. ती एकदा हाती लागली की तिथून एकेका ताऱ्यावर पाय ठेवत नेपच्यूनच्या मैदानात जायचं. प्रत्येक उडी शोधक दुर्बिणीच्या दृश्यक्षेत्राएवढी किंवा त्याहून लहान. नकाशावर त्या मापाचं वर्तुळ पेन्सिलीनं आधीच काढून ठेवलं तर काम निम्मं होतं.

एक गोष्ट मात्र घरातूनच पक्की करून निघा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिच्यामुळे होतो. आरशाच्या दुर्बिणीत चित्र अर्ध्या वर्तुळानं फिरलेलं असतं, म्हणजे नकाशा उलटा धरला की जुळतो. भिंगाच्या दुर्बिणीला मागे काटकोनी आरसा लावलेला असेल तर चित्र सुलटं, पण डावं-उजवं बदललेलं असतं, आणि तो नकाशा कसाही फिरवला तरी जुळणार नाही. त्यासाठी प्रत्येक नकाशाची आरशातली आवृत्ती समोरच्या पानावर छापली आहे. आपली दुर्बीण कुठल्या जातीची आहे हे दिवसा, समोरच्या दुकानाची पाटी वाचून ठरवा.

हल्ली बटण दाबलं की स्वतःच वळणाऱ्या दुर्बिणी मिळतात. त्यांना माझा विरोध नाही. ज्यांची पाठ दुखते, ज्यांचं आकाश शहरानं पुसून टाकलं आहे, त्यांना त्या फार उपयोगी आहेत. पण दुर्बीण नेपच्यूनच्या दिशेला वळली तरी नेत्रिकेत आठ-दहा ठिपके असतातच आणि त्यातला कुठला, हे ती सांगत नाही. तिथून पुढे पुन्हा गाले आणि दारेस्ट. म्हणून या पुस्तिकेचा मुख्य भाग अशा दुर्बिणी असलेल्यांनाही लागू आहे.

तो मुख्य भाग म्हणजे चित्र काढणं. कोऱ्या कागदावर वाटीभोवती पेन्सिल फिरवून वर्तुळ काढा, ते तुमचं दृश्यक्षेत्र. दुर्बीण न हलवता तशीच ठेवली की तारे ज्या बाजूनं बाहेर सरकतात ती पश्चिम, तिथे खूण करा. मग सर्वांत ठळक तारे आधी घ्या आणि त्यांच्यातल्या आकृत्या पाहून बाकीचे मांडा. हा तारा त्या दोघांच्या रेषेत आहे का? या तिघांचा त्रिकोण समद्विभुज आहे का, की एक बाजू किंचित लांब? अंतरं अंदाजानं काढली की चुकतात, त्रिकोण सहसा चुकत नाहीत. उजेडानुसार ठिपके लहान-मोठे करा. कुठला नेपच्यून, याचा निकाल त्या रात्री लावलाच पाहिजे असं नाही. उलट नकाशा न बघता, तटस्थपणे सगळे ठिपके उतरवले तर चित्र जास्त खरं येतं. नाहीतर डोळा हवं ते शोधतो आणि हात ते ठळक काढतो.

तीन-चार रात्रींनी, निदान आठवड्याच्या आत, त्याच नेत्रिकेतून तेच मैदान पुन्हा काढा. प्रतियुतीच्या सुमारास नेपच्यून रोज दीड कलेहून थोडा जास्त सरकतो, आठवड्यात अकरा-बारा कला, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. छोट्या दुर्बिणीतही हे ठळकपणे कळतं. एक त्रिकोण मोडलेला असतो. गॅलिलिओच्या वहीत जो मोडला होता तोच. डिसेंबरच्या मध्याच्या सुमारास तो स्तंभी होतो, तेव्हा मात्र आठवडाभरात काही हलल्याचं जाणवणार नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठावा.

एकट्यानं जमत नसेल तर सोबत शोधा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना धरून आहे. मुंबईच्या खगोल मंडळानं वांगणीच्या माळावर रात्र-रात्र जागून किती जणांना पहिला शनी दाखवला असेल! आयुकेनं पुण्यात आरसे घासायला शिकवून अनेकांच्या हाती घरच्या घरी घडवलेल्या दुर्बिणी दिल्या. अशा ठिकाणी गेलात की गच्चीवर महिना खर्च करून जे कळणार नाही ते एका रात्रीत कळतं. पण नेपच्यूनसाठी दुसरी रात्र लागते, आणि दुसऱ्या रात्री सहल घरी परतलेली असते. म्हणून शिकायला माळावर जा आणि शोधायला आपल्या परसात या. लागोपाठच्या रात्री हाताशी असणं, हा मोठमोठ्या वेधशाळांनाही सहज न मिळणारा लाभ परसातल्या दुर्बिणीला आयताच मिळालेला आहे. आठ-दहा इंचांचा आरसा असलेल्यांनी विल्यम लॅसेल यांनी नेपच्यूनच्या शोधानंतर सतराव्या दिवशी पाहिलेला ट्रायटन हा त्याचा चंद्र साडेतेराव्या प्रतीत शोधून पाहावा. त्याची रीत शेवटच्या प्रकरणात आहे.

पुढच्या पानापासून नकाशे सुरू होतात. आधी युरेनस, मग नेपच्यून, प्रत्येकी ऑक्टोबर ते डिसेंबर, दर दहा दिवसांची जागा. समोर कोरी वर्तुळं छापली आहेत. चित्रात तारे कमी उतरले तरी हरकत नाही. पण तारीख, वेळ, दुर्बीण, नेत्रिका आणि पश्चिमेची खूण या पाच गोष्टी लिहिल्याशिवाय पान उलटू नका. त्या नसतील तर दुसऱ्या रात्रीचं चित्र पहिल्याशी लावून बघता येत नाही.